कळवतो म्हणाले

३० जून २०२२. सिएटलमध्ये सकाळचे सात वाजून गेले होते आणि मुंबईत राजभवनावर शपथविधी चालू होता. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले आठ-दहा दिवस गुवाहाटीशिवाय दुसरा विषय नव्हता. कोण कुणाबरोबर गेला, आणखी किती जाणार, मूळ पक्ष कुणाचा, चिन्ह कुणाकडे राहणार. लातूरहून काका आणि पुण्याहून मामेभाऊ, दोघंही आतल्या गोटात बसून आल्यासारखं लिहायचे. दोघांची बातमी एकाच चॅनेलवरून आलेली असायची, ते वेगळं.

मी तो गोंधळ मिटवून कामाला बसले आणि दुपार व्हायच्या आत दुसऱ्या, इथल्या कॉलेजच्या ग्रुपवर निरोप आला. यूएससी आणि यूसीएलए चालले.

‘कुठे?’

‘बिग टेनमध्ये. २०२४ पासून.’

मग त्या ग्रुपवरही तेच सुरू झालं. कोण कुणाबरोबर, आणखी किती जाणार, मागे राहिलेल्यांचं काय. फक्त इथे मी काकांच्या भूमिकेत होते.

ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल (हातात धरून पळायचा तो) म्हणजे आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांसारखी, रिकाम्या मैदानावर उरकायची गोष्ट नव्हे. स्टेडियमं भरतात, गावं बंद पडतात. ही विद्यापीठं आपापले गट करून खेळतात. त्या गटाला म्हणायचं कॉन्फरन्स. पूर्वी हे गट शेजारधर्मावर चालत. आगगाडीने जाऊन यायला सोपं, ते आपले. आता गट मिळून टीव्हीला हक्क विकतो आणि आलेले पैसे वाटून घेतो. त्यामुळे शेजारी कोण, यापेक्षा कुणाला घेतलं तर वाटा वाढेल, हा प्रश्न आला. बिग टेन या गटाचा २०२३ पासूनचा सात वर्षांचा टीव्ही करार सातशे कोटी डॉलरच्या वरचा आहे. लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांना न्यू जर्सीच्या रटगर्सशी सोयरीक का करावीशी वाटली, याला याहून वेगळं उत्तर नाही. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या पोरींनी मग मंगळवारी परीक्षा आणि बुधवारी चार-पाच तासांचं विमान, असं करायचं.

माझं कॉलेज म्हणजे पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट. निघून चाललेली ती दोघं आणि आम्ही एकाच कॉन्फरन्समधले, तिचं नाव पॅक-१२. सिएटलपासून साडेचारशे किलोमीटर पूर्वेला, जवळजवळ आयडाहोच्या हद्दीवर. त्या प्रदेशाचं नाव पलूस. नाव ऐकून मी सांगलीच्या पलूसला हसले होते आणि तिथे उतरल्यावर गप्प झाले. चहूकडे वाऱ्याने रचलेल्या मातीच्या टेकड्या, त्यांवर गहू, मसूर, हरभरा. लातूरच्या मोंढ्यात आडतीवर वाढलेल्या मुलीने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जावं आणि तिथेही डाळीचाच भाव बोलला जावा! ऑगस्टमध्ये गावात चक्क मसुरीचा उत्सव भरतो, १९८९ पासून. भल्यामोठ्या भांड्यात मसुरीची चिली शिजवून येईल त्याला वाढतात. आई आली होती तेव्हा तिने दोन घास खाऊन, अगदी हळू आवाजात, जणू यजमानांना मराठी कळेल, विचारलं, ‘यात गोडा मसाला नाही का घातला?’

मी आले २००७ च्या ऑगस्टमध्ये. पहिला पूर्ण कळलेला सामना पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरातला, ॲपल कप. समोर सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ, थोरली पाती. त्या मोसमात आमचा संघ तोवर एकच सामना जिंकला होता आणि त्यांचा एकही नाही. देशातल्या सगळ्यात वाईट दोन संघांत अधिक वाईट कोण, एवढंच ठरायचं बाकी होतं. थंडीने बोटं वाकत नव्हती. सामना बरोबरीत सुटला, जादा वेळ दिला, तोही बरोबरीत सुटला, पुन्हा दिला, आणि आम्ही १६–१३ ने जिंकलो. लोक विश्वचषक जिंकल्यासारखे मैदानात उतरले. शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी मला न विचारता मिठी मारली आणि मग ओशाळून थर्मासमधली कॉफी दिली. ते कोलफॅक्सकडचे शेतकरी, गहू आणि मसूर. मी मोंढ्यातली म्हटल्यावर त्यांनी लगेच भाव विचारला. त्या दिवसापासून मी यांची.

तर या माझ्या कॉलेजसाठी २०२२ च्या उन्हाळ्यापासून आम्ही सगळे स्थळ शोधायला लागलो.

हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण दुसरा कुठला बसत नाही. आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी नवा बायोडेटा तयार करून टाकायचा. स्टेडियम: तेहतीस हजार. (पॅक-१२ मधलं सगळ्यात लहान, पण गावाची लोकसंख्याही साधारण तेवढीच आहे, हे पुढच्याच ओळीत.) टीव्ही मार्केट: स्पोकॅन, शिवाय सिएटलमध्ये आमचे हजारो माजी विद्यार्थी, म्हणजे अर्धं सिएटलही आमचंच धरा. रात्री उशिराच्या सामन्यांना पूर्वेकडचे झोप न येणारे लोक बघतात, तेही मोजा. संशोधनाचा खर्च. विमानतळाची नवी धावपट्टी. मग कुणीतरी एएयूचा विषय काढायचा. ही निवडक संशोधन विद्यापीठांची संघटना. आम्ही तिच्यात नाही. फुटबॉलशी तिचा काडीचा संबंध नाही, पण बिग टेनवाले कुळ बघतात म्हणे. झालं, जन्मात प्रयोगशाळेची पायरी न चढलेले लोक रात्री दोन वाजता आमच्या गव्हाच्या संशोधनावर हिरीरीने लिहायला लागायचे.

मला ही भाषा येत होती. मी ती लातूरच्या घरात शिकले होते.

ताईचा बायोडेटा आमच्या आजोबांनी लिहिला होता, फुलस्केप कागदावर, मग टायपिंगवाल्याकडून पंचवीस प्रती. उंची ५ फूट १ इंच. वर्ण निमगोरा. शिक्षण बी. कॉम. गृहकृत्यदक्ष. ‘निमगोरा’वर घरात दोन दिवस चर्चा झाली होती. आई म्हणत होती ‘गव्हाळ’ लिहा, आजोबांचं म्हणणं असं की गव्हाळ म्हणजे सावळा हे आता सगळ्यांना कळतं. उंचीत एक इंच वाढवावा का, यावरही बोलणं झालं. ताई आतल्या खोलीत हे सगळं ऐकत चप्पल शिवत बसलेली असायची. हो, चप्पल. तिला अंगठा तुटलेली चप्पल चांभारापेक्षा नीट शिवता यायची. आणि पाहुणे गेले की ती त्यांच्या नकला करायची. मुलाचे काका पोह्यातली मिरची कशी काढून ठेवतात, मुलाची आई पडद्याचं कापड बोटांत धरून कशी बघते. आम्ही हसून हसून सतरंजीवर लोळायचो. त्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. कुठल्या रकान्यात लिहिणार?

पाहुणे निघताना चपला घालता घालता म्हणायचे, ‘कळवतो.’ मग बाबा आठवडाभर फोनपाशी. मधूनच आम्हाला ओरडायचे, रिसीव्हर नीट ठेवलाय का बघा. मुलाकडच्यांचा फोन येत नव्हता याचं खापर ते रिसीव्हरवर फोडत होते, हे मला फार नंतर कळलं.

२०२३ च्या जुलैत माझं तसं झालं होतं. मी पंचेचाळीशीकडे झुकलेली, दोन मुलांची आई, आणि रात्री अंथरुणात पडून विमानं बघत होते. हा एक स्वतंत्र प्रकार आहे. कुठलं खासगी विमान कुठून उडालं आणि कुठे उतरलं हे फोनवर दिसतं. त्यावरून कोण कुणाला भेटायला गेलं हे ताडायचं. एके रात्री लॅबमधल्या मित्राने कळवलं की आमच्या भागातून एक लहान विमान डॅलसकडे निघालंय. बिग ट्वेल्व्ह या आणखी एका गटाचं कार्यालय डॅलसच्या शेजारी अर्व्हिंगला. आम्ही सात-आठ जण ते विमान यूटावरून, कोलोरॅडोवरून नेत राहिलो. कुणी म्हणालं यात कुलगुरू असणार, कुणी म्हणालं नुसते वकील असतील, वकील असणं जास्त चांगलं. विमान कॅन्ससमध्ये कुठेतरी उतरलं आणि तिथेच थांबलं. ते कुणाचं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या दोन तासांत आम्ही सुखी होतो, हे खरं.

मधल्या काळात पॅक-१२ ची टीव्हीशी बोलणी देण्याघेण्यावरून अडली होती. ईएसपीएनने प्रत्येक विद्यापीठामागे वर्षाला सुमारे तीन कोटी डॉलर देऊ केले आणि आपल्याकडून पाच कोटी मागितले गेले, अशा बातम्या होत्या. खूप वेळ गेला. जुलैच्या शेवटी कोलोरॅडो उठून बिग ट्वेल्व्हमध्ये गेलं. ॲपलचा एक प्रस्ताव उरला, ज्यात पैसे वर्गणीदारांच्या संख्येवर वाढायचे होते. ४ ऑगस्टच्या शुक्रवारी सकाळी उरलेले नऊ जण सह्या करायला जमणार, असं आम्हाला वाटत होतं. कार्यालयात नारळ फोडायचे तेवढे बाकी होते म्हणा ना. सह्या झाल्याच नाहीत. रात्र व्हायच्या आत ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा बिग ट्वेल्व्हमध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावर बसून अटलांटिकचं कुंकू लावायचं! बिग टेनमध्ये आता अठरा आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा, त्यामुळे नावाला अर्थ असावा ही अपेक्षा तशीही कुणी करत नाही.

मांडवात उरलो आम्ही आणि ओरेगन स्टेट.

थोरल्या पातीचा राग मला अजून आहे. १९०० पासून खेळतोय त्यांच्याशी. पण हे पहिल्यांदा झालं असंही नाही. १९१५ साली स्थापन झालेली मूळ कॉन्फरन्स १९५९ मध्ये मोडली, तेव्हा कॅलिफोर्नियावाल्यांनी आणि वॉशिंग्टनने मिळून नवा संसार थाटला आणि आम्हाला बाहेर ठेवलं होतं. आम्ही १९६२ मध्ये आत गेलो, ओरेगनचे दोघं १९६४ मध्ये. आयडाहोला कुणी घेतलंच नाही. आयडाहो विद्यापीठ पुलमनपासून तेरा किलोमीटरवर आहे. एके काळी या दोघांत हरणाऱ्याची मुलं पायी चालत जिंकणाऱ्याच्या गावी जायची. ते विद्यापीठ नंतर या गटातून त्या गटात फिरत राहिलं आणि २०१८ मध्ये स्वतःहून खालच्या श्रेणीत गेलं. मी पुलमनला असताना वाणसामानाला तिकडे जायचे. तिथल्या रिकाम्या शनिवारांकडे बघून मला कधी काही वाटलं नव्हतं. ऑगस्टच्या त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

कोलफॅक्सच्या त्या आजोबांना फोन केला. ते कापणीत होते. म्हणाले, ‘मसूर बरी निघाली यंदा.’ मग बराच वेळ कंबाइनचा आवाज.

पुढच्या महिन्यात जे झालं त्याची गंमत कुणा लेखकाला सुचली नसती. ९ सप्टेंबरला बिग टेनमधलं विस्कॉन्सिन पुलमनला आलं आणि ३१–२२ असं हरून गेलं. २३ सप्टेंबरला आम्ही आणि ओरेगन स्टेट, नको असलेले दोघं, एकमेकांशी खेळलो. दोन्ही संघ तेव्हा देशातल्या पहिल्या पंचविसात. आम्ही ३८–३५ ने जिंकलो. मी गेले होते. त्यांच्या बाजूच्या एका बाईंनी जाताना माझा हात दाबला. सासरहून परत पाठवलेल्या दोघी जणी एसटी स्टँडवर भेटाव्यात तसं वाटलं, आणि त्या वाटण्याचं मला हसूही आलं.

मग कोर्ट. निघून चाललेल्या दहा जणांना कॉन्फरन्सच्या मंडळावर मत असावं की नाही? पैसा, नाव, सगळं कुणाचं? हा खटला कोलफॅक्सच्या काउंटी कोर्टात उभा राहिला. शंभर वर्षांच्या संस्थेचा निकाल गव्हाच्या गावात. नोव्हेंबरात न्यायाधीशांनी राहिलेल्या दोघांच्या बाजूने कौल दिला आणि डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायचं नाकारलं. मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, नाव आणि चिन्ह आमच्याकडे राहिलं. काकांनी लगेच विचारलं, ‘पण आमदार किती?’ दोन, म्हटलं. बराच वेळ त्यांनी काही लिहिलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. ईएसपीएनचा शनिवार सकाळचा कार्यक्रम दर आठवड्याला एका मोठ्या सामन्याच्या गावाहून होतो. २००३ च्या ऑक्टोबरपासून तिथे मागच्या गर्दीत आमचा झेंडा असतो. कार्यक्रम कुठेही असो, अलाबामा असो की ओहायो. त्या भागातला कुणी माजी विद्यार्थी पहाटे उठून जातो, झेंडा फडकवतो, मग घडी करून पुढच्या गावी पार्सल करतो. तो कार्यक्रम खुद्द पुलमनला पहिल्यांदा आला २०१८ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षं लग्न कुणाचंही असो, आमचा माणूस अक्षता घेऊन दारात उभा. मला वाटतं आमच्याबद्दल कुणाला काही सांगायचं असेल तर हे सांगावं. यापलीकडे फार तर डब्यातलं चीज. विद्यापीठाच्या डेअरीत ते गोल टिनच्या डब्यात भरतात. मी लातूरला नेलं तर आईने डालडा समजून फोडणीला घ्यायला काढलं होतं. पण आमच्या बायोडेटात यातलं काही येत नव्हतं. मी स्वतः जो बायोडेटा लिहिला होता (हो, मीही लिहिला, तीन तक्ते आणि एक नकाशा), त्यातही नाही. समोरच्याला काय हवं असेल ते ओळखून त्याच रकान्यात आपलं माणूस बसवायचं, एवढं एकच काम आम्ही दोन वर्षं केलं. उंचीत इंच वाढवावा का, वगैरे.

आणि मग १२ सप्टेंबर २०२४ उजाडला. बॉयझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट आणि सॅन दिएगो स्टेट आमच्याकडे येणार, २०२६ पासून. दोनच दिवसांनी सिएटलमध्ये आम्ही थोरल्या पातीला २४–१९ असं हरवलं. शेवटच्या क्षणी त्यांना रेषेवर अडवून. त्या आठवड्यात मी ऑफिसमध्ये काय काम केलं ते मला सांगता येणार नाही.

मान्यतेसाठी आठ संघ लागतात. सहा झाले होते. म्हणजे आता आम्ही पोहे खायला जाणार होतो.

यातली वाईट गोष्ट ही की आम्हाला ते ताबडतोब जमलं. मेम्फिस घ्यावं का? स्टेडियम जुनं आहे. ट्यूलेन? अभ्यासात उत्तम, पण माणसं येतात का सामन्याला? टेक्ससमधलं कुणी तरी हवंच, मार्केट मोठं. आमच्या ग्रुपवर लोक पडद्याचं कापड बोटांत धरून बघत होते. २३ सप्टेंबरला मेम्फिस, ट्यूलेन आणि आणखी दोघांनी आम्हालाच नकार कळवला, तर आम्ही म्हणालो, ते तसे लांबच पडले असते. मग यूटा स्टेट घेतलं, बास्केटबॉलसाठी स्पोकॅनचं गॉन्झागा घेतलं. ज्या माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून आम्ही पाच जण उचलले तिने करारातली नुकसानभरपाई मागितली, साडेपाच कोटी डॉलर. आम्ही म्हटलं, ही अट बेकायदा आहे, आणि कोर्टात गेलो. आदल्याच वर्षी आम्ही कोर्टात रडत होतो की माणसं अशी कशी सोडून जाऊ शकतात.

माझी लॅबमधली एक मैत्रीण आता वायोमिंगमध्ये शिकवते, लॅरमीला. वायोमिंगला कुणी विचारलं नव्हतं. त्या हिवाळ्यात तिचा निरोप आला, बराच लांबलचक. आमचं स्टेडियम ७,२२० फुटांवर आहे, पाहुण्यांना धाप लागते. संपूर्ण राज्यात चार वर्षांचं सरकारी विद्यापीठ हे एकच, म्हणजे आख्खं राज्य आमच्या मागे. मार्केट लहान आहे हे खरं, पण डेन्व्हर किती जवळ आहे बघ. शेवटी एक हसरा चेहरा, आणि ‘तुझ्या ओळखीचं कुणी आहे का आत?’

आत! मी सिएटलजवळच्या एका प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासते.

पण मी तिला तसं लिहिलं नाही. मी लिहिलं, छान लिहिलंयस, बघूया, काही कानावर आलं तर कळवते.

३० जून २०२५ ला टेक्सस स्टेटचं जमलं. फुटबॉलचा आठवा संघ. सॅन मार्कोस ते पुलमन हे अंतर मी अजून मोजलेलं नाही. त्या रविवारी ताईशी फोन. ती नांदेडला असते, तिच्या मुलीचं आता लग्नाचं वय आहे आणि मुलीने बायोडेटाची पीडीएफ स्वतः बनवली आहे, फोटोत ट्रेकिंगची बॅग घेऊन. ताईला कॉलेजचं सगळं ठाऊक होतं. दोन वर्षं माझं ऐकतेय.

‘मग, जमलं म्हणायचं तुमचं?’

‘जमलं.’

‘आणि ज्यांना नाही घेतलं? ती तुझी लॅरमीवाली?’

मी काही बोलले नाही. पलीकडे ताईने घसा खाकरला, आणि तीस वर्षांपूर्वीच्या कुणा मुलाच्या काकांच्या आवाजात, चपला घालताना वाकल्यामुळे जरासा दबतो तसा आवाज काढून म्हणाली, ‘बरं का, पोहे झकास होते हां. कळवतो.’